घर आया मेरा परदेसी: भाषा कळत नसताना हिंदी सिनेमातली गाणी पोचतात तरी कशी?

मृण्मयी_द_हेग
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मनात घोळणारा प्रश्न आहे, संगीतातल्या जाणकारांनी आणि परदेशात राहणाऱ्यांनी जरूर लिहा.

मी इथे द हेगमध्ये एका वृद्धनिवासात फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे सुरिनामी हिंदुस्तानी आजी-आजोबा बरेच आहेत. ज्यांना हा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी: १८७३ मध्ये 'लाला रूख' नावाचं पहिलं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, सुरिनामला गेलं. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसं गेली, बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांची पुढची पिढी मोठ्या संख्येनं नेदरलँड्सला आली. ते आपसात सरनामी बोलतात. माझं हिंदी त्यांना अर्धं कळतं, त्यांची सरनामी मला अर्धी.

त्यातल्या एका आजींचा खुब्याचा सांधा बदललाय. चालायला अजिबात तयार नसायच्या. एकदा मी फोनवर 'सुहानी रात ढल चुकी' लावलं आणि त्या उठल्या. सगळं गाणं पाठ, एक शब्द चुकला नाही! आता रोजचा व्यायाम रफीसाहेबांच्या साथीनं चालतो.

इथपर्यंत मी समजू शकते. त्यांचे पूर्वज आपल्याकडचेच. पण समोरच्या खोलीत एक मोरोक्कन आजोबा आहेत. परवा मी 'आवारा'मधलं 'घर आया मेरा परदेसी' लावलं, तर ते दारात येऊन डोळे मिटून गुणगुणायला लागले. त्यांना हिंदीचं अक्षर येत नाही. त्यांच्या तोंडी शब्दही वेगळेच काहीतरी होते. त्यांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, त्यामुळे मी फार विचारलं नाही.

तर प्रश्न असा: शब्द कळत नाहीत, राग-ताल माहीत नाहीत, आपला देश पाहिलेला नाही. मग या गाण्यांतलं नेमकं काय त्यांच्यापर्यंत पोचतं?

काळी_पाच
मृण्मयीताई, सुंदर धागा. मी पेटी शिकवतो, त्यामुळे माझं उत्तर चालीपुरतं. त्या काळातल्या गाण्यांचा मुखडा बघा. चार-पाच सुरांत फिरतो, कुणाच्याही गळ्यात बसतो. 'आवारा हूँ'ची पहिली ओळ लहान मूलही दुसऱ्यांदा ऐकून म्हणतं. अवघड जागा सगळ्या अंतऱ्यात ठेवलेल्या. मुखडा सगळ्यांसाठी, अंतरा गाणाऱ्यासाठी. भाषा न येणारा माणूस मुखडा धरून बसतो आणि अंतऱ्यात नुसता डोलतो.

सांजवारा
+१. आजींचा किस्सा वाचून डोळे भरून आले.

मुळामुठाकाठी
चाल वगैरे सगळं ठीक आहे, पण मला हे फार भाबडं वाटतं. गाणी पोचली कारण सिनेमे पोचले, आणि सिनेमे पोचले कारण ते स्वस्त होते. सोव्हिएत रशियात हॉलिवूडला जवळपास दारं बंद होती. १९५४ मध्ये मॉस्कोत भारतीय सिनेमांचा महोत्सव झाला, राज कपूर, नर्गिस, बिमल रॉय वगैरे मंडळी गेली, आणि त्याच वर्षी 'आवारा' तिथे लागला. सहा कोटींहून जास्त तिकिटं खपली. प्रेक्षकाला करमणूक हवी होती आणि सरकारला मैत्री. आफ्रिकेतही तेच, तिथल्या वितरकांना आपले सिनेमे कमी पैशांत मिळत. दुकानात एकच साबण असेल तर तो खपणारच.

ढोलकीवाला
साबण विरघळतो हो, गाणं सत्तर वर्षं राहिलंय 🙂

ताश्कंदची_डॉक्टरीण
मी इथे ताश्कंदला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे, मूळची लातूरची. आमच्या घरमालकीणबाईंना हिंदीचे तीनच शब्द येतात: नमस्ते, राज कपूर, मिथुन. पहिल्या दिवशी त्यांनी मला चहा दिला आणि 'जिमी जिमी' म्हणायला लावलं. मला फक्त पहिली ओळ येत होती, त्यांना पूर्ण गाणं! फार शरम वाटली. रात्री यूट्यूबवर ऐकून पाठ केलं.

हे गाणं ज्यातलं, तो 'डिस्को डान्सर' आपल्याकडे १९८२ चा, सोव्हिएत संघात (ताश्कंद तेव्हा त्यातच होतं) १९८४ मध्ये लागला आणि तोही कोट्यवधी लोकांनी पाहिला. त्या वेळी बाई शाळेत होत्या. त्या म्हणतात, सिनेमात डबिंगवाल्याचा आवाज असायचा, पण गाणी हिंदीतच. म्हणून त्यांच्या वर्गातल्या मुली गाण्याचे शब्द ऐकू येतील तसे रशियन लिपीत वहीत उतरवून घ्यायच्या. ती वही त्यांनी अजून ठेवलीय. मी वाचून बघितली. शब्द इतके मोडलेले की हिंदी माणसाला कळणार नाहीत, पण चालीवर म्हटले की बरोबर बसतात.

मुळामुठाकाठी दादा, स्वस्त होतं म्हणून कुणी वही करत नाही.

निळावंती
वहीचा फोटो टाक गं!

ताश्कंदची_डॉक्टरीण
@निळावंती, त्यांना विचारते. त्यांच्या बहिणीचं अक्षर आहे त्यात आणि ती आता नाही, म्हणून जपतात फार.

अभ्यासू_खार
'जिमी जिमी'वरून आठवलं. २०२२ मध्ये चीनमध्ये टाळेबंदीत अडकलेल्या लोकांनी याच गाण्यावर रिकामी भांडी दाखवत व्हिडिओ केले होते. चिनी भाषेत 'जिए मी' म्हणजे साधारण 'तांदूळ उसने द्या', आणि गाण्यातलं 'जिमी' तसंच ऐकू येतं. पार्वती खान यांनी गायलेल्या, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेल्या डिस्को गाण्यातून चाळीस वर्षांनी कुणी तांदूळ मागेल, असं कुणाच्या स्वप्नात तरी आलं असेल का?

तिथे 'आवारा'ही आधी १९५५ मध्ये आणि मग सांस्कृतिक क्रांती संपल्यावर पुन्हा दाखवला. त्या पिढीच्या चिनी माणसाला 'आवारा हूँ' म्हणून दाखवा, तो पुढे गातो. तुर्कस्तानात तर त्या कथेवर १९६४ मध्ये नवा सिनेमाच काढला. ग्रीसमध्ये त्या काळी हिंदी चालींवर ग्रीक शब्द बसवलेली गाणी धडाधड निघत. स्टेलिओस काझांत्झिडिस या त्यांच्या मोठ्या गायकाचं १९५९ चं 'मंदुबाला' हे गाणं ऐका. नाव आपल्या मधुबालेचं आणि चाल 'आवारा'मधल्या 'आजाओ तड़पते हैं अरमाँ'ची.

खवय्या_ठाणे
'मेरा जूता है जापानी'मध्ये जोडे जपानी, पतलून इंग्लिश, टोपी रशियन. गाणंच सगळ्या जगाचे कपडे घालून निघालंय, त्याला अडवणार कोण!

हरमतान
मी अकरा वर्षं नायजेरियात कानोला होतो, औषधांच्या कंपनीत. मुळामुठाकाठी म्हणतात ते वितरणाचं खरं आहे. तिथे हिंदी सिनेमे आणणारे व्यापारी बरेचसे लेबनीज होते. पण तेवढ्यानं गोष्ट संपत नाही, म्हणून लिहितो.

हौसा लोक मुसलमान, शहर जुनं, परंपरेचं. पडद्यावरची डोक्यावरून पदर घेणारी बाई, वडिलांपुढे मान खाली घालणारा मुलगा, लग्न घरच्यांच्या मर्जीनं की स्वतःच्या हा झगडा, हे सगळं त्यांच्या अंगणातलं. माझा ड्रायव्हर म्हणायचा, अमेरिकन सिनेमात माणसं घरच्यांना न विचारता सगळं करतात, मग त्यात अडचण कसली आणि गोष्ट कसली?

गाण्याचा अनुभव मात्र अगदी वेगळा. पैगंबर जयंतीच्या दिवसांत एका रात्री आमच्या गल्लीत काही माणसं 'बंदिरी' नावाचे डफासारखे ढोल वाजवत गात होती. चाल ओळखीची वाटत होती. दोन मिनिटं विचार केला आणि उडालोच: लताबाईंचं गाणं! शब्द हौसा, पैगंबरांच्या स्तुतीचे. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, हो, ही हिंदी गाण्यांवरची मंडळी प्रसिद्ध आहेत. लोकांच्या कानात जी चाल आधीच बसलीय तिच्यावर देवाचं नाव घातलं की ते लगेच तोंडी येतं.

मला आमच्या गावचं भजनी मंडळ आठवलं. तिथे 'नागिन'च्या चालीवर विठ्ठलाचं भजन म्हणत. माझे आजोबा चिडायचे आणि तरी टाळ सोडायचे नाहीत. कानोच्या त्या गल्लीत मला पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं.

सांजवारा
काका, याच्यावर स्वतंत्र लेख लिहा. विनंती नाही, आग्रह आहे.

रेट्रो_रेश्मा
ब्रिटनी स्पिअर्सचं 'टॉक्सिक' कुणीच कसं नाही काढलं? २००३ च्या त्या गाण्यातले ते झपकन वर जाणारे व्हायोलिनचे तुकडे 'एक दूजे के लिए'मधल्या 'तेरे मेरे बीच में'चे आहेत, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, १९८१. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन बँडनं २००५ मध्ये कल्याणजी-आनंदजींचं आशाताईंनी गायलेलं 'ये मेरा दिल' उचललं. 'घोस्ट वर्ल्ड' या २००१ च्या अमेरिकन सिनेमाची सुरुवातच 'गुमनाम'मधल्या 'जान पहचान हो'नं होते. आता अमेरिकेत त्या गाण्यावर लोक लग्नात नाचतात.

मुळामुठाकाठी
रेश्माताई, याला मी प्रेम म्हणणार नाही. दोन सेकंदांचा तुकडा कापून घेतला, मसाला म्हणून टाकला. ऐकणाऱ्याला तो लताबाईंच्या गाण्यातला आहे हे माहीतही नाही. 'थोड़ा रेशम लगता है' तर २००२ मध्ये एका अमेरिकन गाण्यात न विचारताच वापरलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि बप्पीदांचं नाव घातल्याशिवाय सीडी विकायची नाही असा हुकूम झाला.

रेट्रो_रेश्मा
नाव घालायला हवंच, तिथे वादच नाही. पण कापून घेण्यासाठी तोच तुकडा का निवडला? हजारो रेकॉर्डी ऐकणाऱ्या माणसाचे कान तिथेच थांबले ना? कानांना पासपोर्ट लागत नाही.

बाबुराव_९
'नाटू नाटू' राहिलं. ऑस्कर मिळालं त्याला.

अभ्यासू_खार
ते तेलुगू आहे बाबुराव, विषय हिंदी सिनेमाचा आहे. तेलुगू मित्रांना कळलं तर रागावतील 🙂

दिमोनावासी
शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आमचं मूळ गाव अलिबागजवळ. आजी-आजोबा साठच्या दशकात इथे इस्रायलमध्ये, दिमोनाला आले. घरात मराठी आजीमुळे टिकली, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या वाळवंटातल्या गावात सुरुवातीला मोरोक्कन, ट्युनिशियन आणि आम्ही असे शेजारी होतो. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती, हिब्रूही सगळ्यांची कच्ची. आजी सांगायची, शेजारची मोरोक्कन बाई भिंतीवर टकटक करायची, म्हणजे 'रेडिओ मोठा कर'. हिंदी गाणी लागली की दोघी आपापल्या स्वयंपाकघरात एकच गाणं ऐकत पोळ्या आणि पाव करायच्या. आजी म्हणायची, 'तिला गाण्यातलं रडणं कळायचं, शब्दांचं काय एवढं!' मृण्मयीताई, तुमच्या मोरोक्कन आजोबांवरून हे आठवलं.

मृण्मयी_द_हेग
दिमोनावासी, तुमची मराठी माझ्या मुलांपेक्षा कितीतरी चांगली आहे. भिंतीवरची टकटक विसरणार नाही मी. वाचतेय सगळं, लिहीत राहा.

पणजीकर
इतके प्रतिसाद झाले आणि गोंयकार कुणी आठवला नाही, म्हणून लिहायला बसलो.

गाण्याची चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, आवाज गायकाचा. पण रेडिओवर गाणं सुरू झालं की पहिल्या दहा सेकंदांत जे कानावर येतं, ते कुणाचं? ती व्हायोलिनं, ती ट्रम्पेट, तो अ‍ॅकॉर्डियन? पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला गेली. रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचं आणि दिवसा रेकॉर्डिंग. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवायचा आणि आमचे अ‍ॅरेंजर चाळीस-पन्नास वादकांसाठी ती कागदावर उतरवायचे. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. गायकाच्या सुराखालून व्हायोलिनची दुसरीच ओळ वाहत नेण्याची त्यांची हातोटी ऐका. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे ते हेच अँथनी. 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात ते नाव गुरूसाठीच आलं. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणून कार्यक्रम केले होते.

आता मूळ प्रश्नाकडे. रशियन माणसाला ते गाणं परकं का वाटलं नाही? कारण त्यात त्याच्या ओळखीची व्हायोलिनं आणि अ‍ॅकॉर्डियन आधीपासून होतीच. बाहेरच्या माणसानं टेकायला हात पुढे केला, तर त्याच्या हाताला काहीतरी घरचं लागायचं.

माझे एक चुलते ताडदेवच्या फेमस स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे. शेकडो गाण्यांत ते आहेत आणि एकाही तबकडीवर त्यांचं नाव नाही. म्हातारपणी रेडिओ लागला की ते बोटांनी मांडीवर आपली ओळ वाजवायचे. गायकाची नव्हे, आपली. लिहिताना अजूनही घसा दाटतो.

काळी_पाच
पणजीकर, मी माझं पहिलं उत्तर मागे घेत नाही, पण ते अर्धंच होतं. तुमच्यामुळे पूर्ण झालं. मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना मुखडा-अंतरा शिकवतोय आणि मधलं संगीत 'गाळा' म्हणतोय. उद्यापासून नाही.

ढोलकीवाला
पणजीकरांनी गोव्याचं सांगितलं, मी देशावरचं सांगतो. धाग्याच्या नावातलंच गाणं घ्या. 'घर आया मेरा परदेसी'त जो ढोलक वाजतो तो लाला गंगावणे यांचा. लालाभाऊ तमाशाच्या फडातला माणूस! त्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते वाजणं कानात घुमत राहतं. ते काढून घ्या आणि गाणं म्हणून बघा, निम्मं उरेल. ढोलक सिनेसंगीतात होताच, पण ही थाप, हा ठसका लावणीच्या बोर्डावरून आलाय. शंकर-जयकिशनकडेच आमचे दत्ताराम वाडकर होते. त्यांच्या ठेक्याला तर 'दत्ताराम ठेका' असंच नाव पडलं.

आणि याच गाण्याची चाल कुठून आली ते माहीत आहे का? ती इजिप्तची. 'अला बलदी अल महबूब', १९३६ च्या 'विदाद' या अरबी सिनेमातलं, उम्म कुल्सुम यांच्या आवाजात गाजलेलं, रियाद अल सुनबाती यांचं संगीत. दोन्ही पाठोपाठ ऐका, अंगावर काटा येतो. कैरोची चाल, मुंबईत लताबाईंचा गळा, खाली तमाशाचा हात, आणि मग ते सगळं मिळून मॉस्कोला, अथेन्सला, कानोला. मुळात ते गाणं कुठल्या एका गावचं नव्हतंच.

मुळामुठाकाठी
ढोलकीवाले, हे मला माहीत नव्हतं. आत्ता दोन्ही ऐकून आलो. मान्य, साबणाची उपमा मागे घेतो. वितरणामुळे दार उघडलं एवढंच माझं म्हणणं राहील. आत बोलावून बसवून घेतलं ते दुसऱ्या कशामुळे तरी.

निळावंती
थांबा थांबा. मृण्मयी, तुझे मोरोक्कन आजोबा 'वेगळेच शब्द' म्हणत होते ना??

खवय्या_ठाणे
अरे देवा! हो की!

मृण्मयी_द_हेग
निळावंती, तुझा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही.

आज सकाळी आजींचा व्यायाम झाल्यावर मी आजोबांच्या खोलीत गेले. आधी उम्म कुल्सुम यांचं गाणं लावलं. ते ताठ बसले. पहिल्या ओळीपासून शब्द जुळत होते, तेच शब्द, जे मला 'वेगळेच काहीतरी' वाटले होते. लहानपणी त्यांच्या वडिलांच्या दुकानातल्या रेडिओवर कैरो लागायचं, असं त्यांनी सांगितलं. आज त्यांचा दिवस चांगला होता, बरंच बोलले.

मग लताबाईंचं लावलं. ते हसले आणि म्हणाले, हे सिनेमात ऐकलं होतं, तरुणपणी, कासाब्लांकाला. थिएटरमध्ये त्यांना वाटलं, आमचं गाणं या लोकांकडे कसं? शेजारी बसलेल्या भावाला कोपरानं ढोसलं होतं. भाऊ अजूनही कासाब्लांकालाच आहे, त्याला फोन लावून द्या म्हणाले. लावून दिला. दोघं म्हातारे फोनवर ते गाणं गात होते, हे अरबी शब्दांत आणि तो नुसती चाल. आवाज ऐकून आजी वॉकर ढकलत स्वतःहून दारापर्यंत आल्या आणि हिंदी शब्द म्हणायला लागल्या.

फोन ठेवल्यावर आजोबांनी विचारलं, तुमच्या गाण्यात तो ढोल आहे, आमच्यात नाही, तो वाजवणारा कोण?

मी म्हटलं, लाला गंगावणे. माझ्या महाराष्ट्रातले. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं आणि मग स्वतः म्हणून बघितलं. 'गंगावणे' काही त्यांना जमेना. 'लाला' मात्र लगेच जमलं.

ढोलकीवाला
ताई, हे लालाभाऊंनी ऐकायला हवं होतं.

पणजीकर
आमच्या चुलत्यांचंही नाव शिकवा त्यांना पुढच्या वेळी. निरोप पाठवून कळवतो.